बाकावर मी बसवलं

५ नोव्हेंबर, मंगळवार

परवाच्या नोंदीत चूक आहे. 'खिंडीच्या अलीकडे एक आजोबा थांब्यावर बसची वाट पाहत बसले होते, त्यांना भाताचा मुटका दिला' असं मी लिहिलं. ते बसले नव्हते. चालत होते. मी बसवलं.

बाबा घरी शिकवायचे तेव्हापासूनचा नियम – खोडायचं नाही, खरं काय ते नव्या पानावर सगळ्यांत वर लिहायचं. अकरा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे बाबा आणि जेवणाचं टेबल. तर लिहिते.

रविवारी सकाळपासून चढ. दोन्ही सायकलींना चार-चार पिशव्या. तंबू केइगोकडे, स्टोव्ह आणि भांडी माझ्याकडे. लग्नानंतरची पहिली सुट्टी! दोघांच्या गळ्यात सारखे निळे पंचे. दुपारनंतर बारीक पाऊस लागला. केइगो प्रत्येक वळणावर थांबून वरून ओरडायचा, "सायो, पिशव्यांत दगड भरलेत का गं?"

"तुझीच भांडी आहेत!"

"मग मुटके खाऊन टाक, तेवढंच वजन कमी!"

मी हसत होते. पण मागे पडायची भीती वाटत होती. ती मला नेहमीच वाटते.

तेवढ्यात आजोबा समोरून उतरत आले. राखाडी बंडी, पायांत घरातल्या सपाता, भिजून काळ्या पडलेल्या. ते पाहिलं होतं मी. घरातल्या सपाता घालून रस्त्यावर कोण येतं?

"घरी चाललोय," म्हणाले. "बस गेली का हो?"

"पावसात चालताय कशाला, आजोबा? बसा इथे. येईल आता."

"येईल ना?"

"येईल की!"

बाकावर बसवलं. मुटका हातात दिला, माझा पंचा त्यांच्या गळ्याभोवती बांधला. थांब्याच्या पाटीवर एक कागद चिकटवला होता. वाचला नाही. वरून केइगोने घंटी वाजवली – मी निघाले.

ती बस मार्चपासून बंद आहे. काल नाश्त्याला, पावसामुळे जिथे मुक्काम केला त्या घराच्या मालकीणबाईंनी सांगितलं. हिरोता तोकुजी, वय चौऱ्याऐंशी, अलीकडे विसरायला लागलेले. अंधारेपर्यंत तिथेच बसले असावेत, मग उठून उलट्या दिशेला, रानात गेले. पहाटे सापडले तेव्हा थोडा श्वास होता. दवाखान्यात पोचेपर्यंत तोही नाही. "आणि घर कुठे, तर थांब्याखालच्या दुसऱ्या वळणावर हो!" बाई म्हणाल्या.

म्हणजे ते बरोबर चालले होते.

६ नोव्हेंबर

परतीची गाडी. सायकली पिशवीत बांधल्या. केइगो म्हणाला, "तू त्यांना खायला दिलंस. तेवढंच लक्षात ठेव." मी मान हलवली. हेही खोटंच.

९ नोव्हेंबर, शनिवार

आणखी एक राहिलंय. रविवारी संध्याकाळी गावच्या कर्ण्यावरून काहीतरी सांगत होते. डोंगरात शब्द फुटत होते. 'काही कळत नाही' असं मी केइगोला म्हटलं. एक शब्द कळला होता – सपाता. मी शेगडीपाशी पाय शेकत बसले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

मालकीणबाईंचं पाकीट आलं. आत गावचं पत्रक आणि एक चिठ्ठी – 'तुमच्या यजमानांच्या गळ्यात अगदी तसाच पंचा पाहिला होता, म्हणून पाठवते.'

पत्रकात खाली लहान अक्षरांत: 'माझ्या माणसाला शेवटी ज्यांनी खाऊ घातलं, गळ्याला पंचा बांधला, त्यांचे फार उपकार. बेचाळीस वर्षं राहिलेल्या घराची वाटही ते विसरले, हे मनाला फार लागलं. पण कुणीतरी मायेचं भेटलं, एवढ्यावर मला झोप येते. पंचा धुऊन ठेवलाय. – हिरोता फुसाए.'

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा केइगोने हातातून काढून घेतलं.

"बघ. तू जाऊन काय करणार? त्या बाईंची झोप घालवणार?"

"पण खरं तसं नाहीये."

"मुटका दिलास ना? पंचा बांधलास ना? ते खरंच आहे. सायो, तुला फक्त तुझं मन हलकं करायचंय."

असेलही. त्याने आपला पंचा घडी करून कपाटात अगदी तळाशी ठेवला.

२ डिसेंबर

फुसाएबाईंना पत्र लिहायला बसले. चार कागद फाडले. हातून 'बसले होते' असंच लिहिलं जातं!

८ डिसेंबर, रविवार

ते पत्रक पुन्हा काढलं. इतके दिवस मी एकच ओळ वाचत होते, झोपेची. वरची ओळ वाचलीच नव्हती – वाट विसरले, ती.

नव्हते विसरले. त्यांना घर ठाऊक होतं, पाय तिकडेच वळले होते. वाट चुकवली मी. हे फुसाएबाईंना माझ्याशिवाय कोण सांगणार?

एकोणपन्नासाव्या दिवसापर्यंत गेलेलं माणूस घरातच असतं, असं बाबा सांगायचे. म्हणजे आजोबांच्याही कानावर जाईल. केइगोला आज सांगितलं.

दिवस मोजले. एकोणपन्नासावा २२ डिसेंबरला, रविवारी येतो. त्या रस्त्याला बस नाही. सायकलने जाणार.