काडी कोणी लावली

कळमनुरी
२९ जानेवारी २०२५

ती. कोंडीबा मामास,
पल्लवीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई आणि मामी अर्धंच सांगतात, म्हणून हे पत्र. वनरक्षक होऊन मला वर्ष झालं. आता जाळरेषेचं काम आलंय. उन्हाळ्यातला वणवा अडावा म्हणून गवताचा पट्टा आपणच आधी जाळायचा. तुमची तर वनमजुरीत हयात गेली, तुम्हाला काय सांगू!

अडचण वसराम नाईकांच्या तांड्याची आहे. टेकडीच्या पायथ्याला चाळीस घरं आणि पट्टा त्यांच्या अगदी डोक्यावर. नाईक म्हणाले, नऊ वर्षांपूर्वी अशाच जाळण्यात आमचा कडबा आणि सहा जनावरं गेली, वर ठपका आमच्यावरच आला; आता काडी पेटवाल तर आमी आडवे पडू. पट्टा केला न्हाई तर एप्रिलात वणवा थेट घरांवर येईल. मी मागं हटणार न्हाई, पण त्यांच्या मनाविरुद्ध काडीही लावणार न्हाई. काय करू, ते कळवा.

माया आहेच, ती वाढू द्या.
तुमची भाची,
पल्लवी

वसमत
३ फेब्रुवारी

चि. पल्लवीस,
अ. उ. आ.

आमी खुशाल. मामी हळद शिजवण्यात गुंतली हाय. म्हणती, पोरगी साहेबीण झाली तरी भाकरी काही गोल व्हत न्हाई तिची.

आता कामाचं. पट्ट्याच्या दोन्ही कडा खरडून माती उघडी कर. दव असतानीच सुरू कर, दहाच्या आत विझव. तिथं वारा टेकडीवरून तांड्याकडं उतरतो, म्हणून तांड्याकडची कड आधी पेटव. मग आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकती.

हे मला बराबर ठाऊक हाय, कारण नऊ वर्षांमागं त्याच पट्ट्यावर मी उलटं केलं. त्या वेळचे साहेब घाई करून राहिले होते. भर दुपारी वरची कड पेटव म्हणाले. वारा मला दिसून राहिला होता, तरी काडी लावली. मग तांड्यातल्या कोणाच्या तरी बिडीनं आग लागली असं साहेबांनी लिहिलं, अन् खाली मी सही केली. तुझ्या मामीलाबी हे सांगितलं न्हाई. तुझ्या हातून तसं होऊ नये म्हणून लिहिलं. पत्र फाडून टाक.

तुझा मामा,
कोंडीबा

कळमनुरी
६ फेब्रुवारी

ती. मामास,
जय भीम.

पत्र फाडलं न्हाई. राग आला, रडूही आलं. हाताला धरून मला झाडं ओळखायला तुम्हीच शिकवलं, म्हणून जास्तच. पण तुमचं नाव नाईकांना मी सांगणार न्हाई. ते तुम्ही सांगायचं. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं आखाडा बाळापूरला उतरा, मी गाडी घेऊन थांबते. तुम्ही न आल्यास त्या तांड्यावर काडी लावायला मला तोंड राहणार न्हाई.

रागावले तरी तुमचीच,
पल्लवी

कळमनुरी
१४ फेब्रुवारी

ती. पंचफुला मामीस,
जय भीम. वि. वि.

मामा सुखरूप आहेत, तांड्यावरच आहेत. निघताना त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं, आणि बोलल्याबिगर परत येऊ नका म्हणत तुम्ही भाकरी बांधून दिली, हे कळलं.

ते बोलले. सगळ्या तांड्यापुढं उभं राहून, काडी माझी होती म्हणाले. नाईक म्हणाले, त्या बिडीचा आळ माझ्या धाकट्या भावावर आला. लोकांच्या तोंडाला कंटाळून तो ऊसतोडीला सांगलीकडं गेला तो परतलाच न्हाई. मामांना नीट ऐकू आलं न्हाई, तर नाईकांनी तेच पुन्हा, कानाजवळ जाऊन, मोठ्यानं सांगितलं. मामी, तेव्हा मामांकडं माझ्यानं बघवलं न्हाई.

तरी पट्टा हवा, हे नाईकांना पटलं. अट घातली की काडी ते स्वतः लावणार आणि मामांनी त्यांच्या घराच्या बाजूला उभं राहायचं. बुधवारी वारा वाढला म्हणून मी काम थांबवलं. साहेबांचे तीन फोन आले तरी थांबवलंच. गुरुवारी साडेसहाला नाईकांनी खालची कड पेटवली. एकदा ठिणगी उडून त्यांच्या कडब्याच्या गंजीजवळ पडली. मामांनी ओल्या फांदीनं झोडपून ती विझवली. भुवया तेवढ्या करपल्या. साडेनऊला सगळा पट्टा काळा झाला, आणि तांडा जसाच्या तसा.

मामांनी लेखी जबाब दिलाय. जुनी नोंद बदलावी म्हणून मी तो वर पाठवला. चौकशीला बोलावतील म्हटलं, तर मामा म्हणाले, बोलवू दे.

घरी यायला त्यांना अजून चार दिवस लागतील. उद्या नाईक त्यांना घेऊन सांगलीकडं निघतायत. भावाला हे कोंडीबानं स्वतःच्या तोंडानं सांगावं, असं नाईकांचं म्हणणं आहे. मामा व्हय म्हणाले. हे पत्र एस.टी.च्या वाहकाजवळ देतेय; त्यांचा जाडा सदरा आजच मिळेल त्या गाडीनं पाठवा.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
पल्लवी