ओळीचा पहिला शब्द

३ ऑक्टोबर

आज आमचा बॅरिटोन परत अडला. तिसऱ्या अंकात, त्याच ओळीवर. नजर थेट खाली, माझ्याकडे. मी ओठांनी शब्द दिला, त्याने तो उचलला आणि असा गायला की माझ्या कोपरांखालची फळी थरथरली. टेनरचा उंच आवाज डोक्यावरून जातो. बॅरिटोनचा खालचा, भरदार आवाज लाकडातून येतो.

घरी पोचले तरी कोपरं ऊबदार होती. चाळिशी कधीच उलटली, बाई! जरा भानावर ये.

५ ऑक्टोबर

शेजारणीने विचारलं, ऑपेरात तू गातेस का? म्हटलं, मी न गाण्याचं काम करते. रंगमंचाच्या पुढच्या काठावर एक खोका असतो, प्रेक्षकांकडे पाठ केलेला. त्यात कमरेपर्यंत खाली उतरून बसायचं, समोर संगीताची वही, आणि गाणाऱ्याची प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या आत तिचा पहिला शब्द त्याला द्यायचा. प्रॉम्प्टर. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

हे मला आईमुळे जमतं, ते काही सांगितलं नाही. मी शाळेत असतानाच आईचे कान गेले. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं ओठांवर चालतं. भांडणंसुद्धा!

९ ऑक्टोबर

प्रयोगानंतर मागच्या दारापाशी बायकांची ही गर्दी. टेनर गळ्याला मफलर गुंडाळून मधून निघून गेला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. वास्तविक नायिका रोज त्याच्या गळ्यात पडते. बॅरिटोन म्हणजे तिच्यावर डोळा ठेवणारा दुष्ट राज्यपाल, शेवटच्या अंकात भोसकला जाणारा. तरी सगळ्या थांबतात त्याच्यासाठी.

का? रूपवान आहे, ते खरंच. पण रूपाने एवढं होत नाही. मला वाटतं, टेनर प्रेम मागतो, जिवाच्या आकांताने. हा मागत नाही. नुसता उभा राहतो. आणि आवाज माणसाच्या बोलण्याच्या इतका जवळचा, की वाटतं, हाच आवाज उद्या आपल्या स्वयंपाकघरात म्हणेल, खिडकी लावून घे, वारा गार आहे.

पुरे.

१४ ऑक्टोबर

बैठक झाली. हंगाम संपला की खोका काढणार. समोरच्या सज्जावर पडदा लावतील, शब्द त्यावर उमटतील. व्यवस्थापक माझ्याकडे न बघता म्हणाले, खोक्याची गरज आता कुणालाच उरलेली नाही.

तेवढ्यात बॅरिटोन उठला. म्हणाला, "मला आहे. मी विसरतो."

टेनर स्वतःचे बूट बघत बसला. गाणाऱ्याने हे चारचौघांत म्हणणं म्हणजे शल्यविशारदाने माझा हात थरथरतो म्हणण्यासारखं. खोका काढायचं तूर्त लांबणीवर पडलं. मला बरं वाटलं — आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१५ ऑक्टोबर

पन्नाशीतच त्याचे शब्द हरवायला लागले? कुणाला विचारू!

२१ ऑक्टोबर

पोशाख विभागातल्या मावशी सगळ्या बातम्यांचं माहेरघर. टाचण्या तोंडात धरून म्हणाल्या, पुढच्या वर्षीचं मोठं काम, मुख्य भूमिकेचं, त्याच्याकडून काढून घेताहेत. एका तरुण मुलाची मापं मागवलीत. वर कुणीतरी म्हणालं म्हणे, विसराळू माणसावर एवढा डोलारा कसा उभा करायचा?

हे काम मिळावं म्हणून तो किती वर्षं थांबलाय, सगळ्यांना माहीत आहे. माझा खोका वाचला तो त्याच्या जिवावर.

२६ ऑक्टोबर

आज आईला दुपारच्या प्रयोगाला नेलं. ऐकू न येणारी बाई ऑपेराला! ती म्हणाली, तू ज्याच्यामुळे भाजीत दोनदा मीठ घालतेस त्याला एकदा बघू तरी दे. दुसऱ्या रांगेत बसवलं.

घरी चहा बराच वेळ ढवळत राहिली. मग म्हणाली, दिसायला बरा आहे, नाक जरा जास्त झालंय. आणि कप खाली ठेवून:

"तो विसरत नाही गं."

मी म्हटलं, आई, रोज त्याच ओळीवर अडतो. मी देते शब्द.

"तू काय देतेस! खाली बघायच्या आधीच त्याच्या ओठांनी तो शब्द धरलेला असतो. खरंच विसरलेल्या माणसाचे ओठ उघडे राहतात. तुझे बाबा माझी समजूत काढायला यायचे ना, तसे."

२७ ऑक्टोबर

आई ओठ वाचण्यात चुकत नाही.

म्हणजे खोटं बोलला. खोक्यासाठी? की — नको, लिहायलाच नको.

पण मी गप्प बसले तर माझं सगळं राहतं: काम, खोका, ती एक नजर. आणि त्याचं मोठं काम जातं. बोलले तर उलट. व्यवस्थापकांना नुसतं सांगून पटणार नाही. ऐकवायलाच हवं.

३० ऑक्टोबर

वाद्यवृंदाच्या संचालकांना सांगून टाकलं, आज मी खोक्यात बसणार नाही. ते घाबरले. तो अडला तर? म्हटलं, नाही अडणार. व्यवस्थापकांनाही कळवून ठेवलं, आणि आईच्या त्या दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

इतक्या वर्षांत त्याला रंगमंचावर पूर्ण बघितलंच नव्हतं! खालून मला नेहमी हनुवटी आणि बूट. आज खांदे दिसले, हात दिसले. शेजारची बाई कुजबुजली, माझ्याकडेच बघतोय. मला हसू आलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तिसरा अंक. ती ओळ. त्याने खाली पाहिलं — खोका रिकामा. मग त्याने मान वर केली आणि ती ओळ गायला, तिच्या पुढची, त्याच्याही पुढची. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. व्यवस्थापक खुर्चीच्या कडेवर आले होते.

मागच्या दारापाशी तो बायकांना ओलांडून माझ्याकडे आला.

"खोका रिकामा ठेवलात."

म्हटलं, तुम्हाला सगळं येतं.

"पहिल्या दिवसापासून."

मग? असं मी विचारलं, बहुतेक नुसत्या ओठांनीच. दुष्ट राज्यपाल बुटांकडे बघत म्हणाला, "एरवी तुमचं डोकं वहीत असतं. मी अडलो की तुम्ही वर बघता."

६ नोव्हेंबर

मोठं काम त्यालाच. खोका जाणार. कोरसमधल्या गायकांना उच्चार शिकवाल का, असं विचारलंय मला. बघू.

१६ नोव्हेंबर

आज तो घरी जेवायला आला. जेवण झालं, तरी उठेना. काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा ओठ उघडेच राहिले. ज्या आवाजाने फळ्या थरथरतात, तो कुठे गेला कोण जाणे.

आई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "आता खरंच विसरलाय. दे बाई त्याला शब्द."

मी वर पाहिलं, आणि दिला.