लग्नपत्रिकांचं झुंबर

आई,

गेल्या शनिवारी एका बाईंनी तुझी घडी ओळखली आणि मी गप्प बसले. तुला एवढंच सांगायचं म्हणून वही उघडली होती. लिहायला घेतल्यावर कळतंय की हे एवढ्यात आटपणारं नाही.

आधी मी हल्ली काय करते ते सांगते, म्हणजे तू एकदाची हसून घेशील. ऑफिस सोडून चार वर्षं झाली. आता मी घरात लावायच्या कागदी शोभेच्या वस्तू करते. भिंतीवरची फुलांची चक्रं, आरशाभोवतीच्या चौकटी, दिव्यांवरचे शेड, सगळं जुन्या वळणाचं. लोक त्याला विंटेज म्हणतात. कागद नवा कोरा आणायचा, चहाच्या पाण्यात बुडवायचा, दोरीवर वाळवायचा, कडा जरा कुरतडायच्या, की तो आजोबांच्या ट्रंकेतून काढल्यासारखा दिसायला लागतो. तू कागद पिवळा पडू नये म्हणून जन्मभर कडुनिंबाचा पाला घालून ठेवलास आणि तुझी लेक तोच कागद हाताने पिवळा करते. महिन्यातून दोन शनिवार आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी हे शिकवतेसुद्धा. दहा-बारा जणी येतात, मला मॅम म्हणतात. वर्गाच्या पत्रकावर माझ्या फोटोखाली 'स्वयंशिक्षित कलाकार' असं छापलंय. तो मजकूर मीच लिहून दिला होता.

खडकीच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. दुपारची जेवणं उरकली आहेत, बाबा कारखान्यात आहेत, तू ओटा पुसून कोरडा केला आहेस आणि खाली पाट घेऊन बसली आहेस. समोर लग्नपत्रिकांचा ढीग. लग्नसराई सरली की तू वसाहतभर हिंडून त्या गोळा करायचीस. बायका आपणहूनही आणून द्यायच्या, कारण गणपतीचं चित्र असलेली पत्रिका कचऱ्यात टाकायची कशी, हा प्रश्न प्रत्येकीच्या घरी पडून असायचा. तू आधी गणपती कापून घ्यायचीस आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचीस. ते सगळे अनंत चतुर्दशीला आपल्या मूर्तीबरोबर नदीवर जायचे. मग तू पत्रिका वाचायचीस. कुणाची का असेना, 'श्री'पासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळी वाचून झाल्याशिवाय कात्री हातात घ्यायची नाहीस. आणि मग ती घडी, तीन वळणांची. नवऱ्या मुलाचं आणि मुलीचं नाव एकाच पाकळीत यायला हवं, शेजारी शेजारी, आणि दोन्ही आत झाकलेली. बाहेर दिसायची ती फक्त सोनेरी वेलबुट्टी. घडी दाबायची चमच्याच्या पाठीने, नखाने नाही, कारण नखाने सोनेरी निघतं.

नऊ वर्षांची असताना मी एकदा घाईघाईत 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'च्या बरोबर मधून कात्री चालवली. तू हातातलं काम खाली ठेवलंस. "झालं! बोहल्यावरून उठवलंस दोघांना." मला हसू आलं. तू हसली नाहीस. "हसतेस काय? कुणाच्या तरी आईने ही नावं दहा वेळा तपासून छापायला दिली असतील." मग तू मैद्याची खळ करून ते दोन तुकडे मागून चिकटवलेस आणि वाळेपर्यंत पोळपाटाखाली दाबून ठेवलेस. ती पाकळी तू फुलाच्या अगदी मध्यभागी लावलीस, हेही मला आठवतं. मला मात्र तेव्हा वाटलं होतं की एवढं काय, अनोळखी माणसांची तर नावं आहेत.

तुझ्या बाबतीतलं पहिलं खोटं मी नदीवर बोलले. सातवी-आठवीत असेन. बाबांच्या हातात मूर्ती आणि माझ्या हातात तो डबा. वर्गातली एक मुलगी भेटली, तिने विचारलं, डब्यात काय आहे? मी म्हटलं, निर्माल्य. तू ऐकलंस. डबा माझ्याकडून घेतलास आणि स्वतः पाण्याजवळ गेलीस. माझी आई लोकांच्या जुन्या पत्रिका मागून आणते, त्यांची फुलं करते आणि दिवाळीला वसाहतीत वाटते, याची मला लाज वाटायची. ती लाज तेव्हा माझ्या मापाची होती. पुढे मी मोठी झाले, शिकले, खराडीत नोकरीला लागले, आणि लाजही माझ्याबरोबर मोठी झाली.

वास्तुशांतीचा दिवस तुला आठवत असेलच. तू खडकीहून रिक्षाने आलीस, मांडीवर जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी सांभाळत. साडी सोडलीस तर आत झुंबर. माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचं, मोतिया रंगाच्या पाकळ्यांच्या पाच थरांचं, प्रत्येक पाकळीत आम्हा दोघांची नावं. ते फिरलं की सोनेरी कडा लुकलुकायच्या. आज मला माहीत आहे की असं काम करायला किती आठवडे लागतात. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर होती ती संध्याकाळी येणारी ऑफिसची मंडळी. मी म्हटलं, "आई, हॉलमध्ये काचेचा लाईट बसणार आहे गं. हे आपण बेडरूममध्ये लावू." तू क्षणभर छताकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "लाव की. घर तुझं." दुपारी तू पानं वाढत होतीस तेव्हा मी ते झुंबर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ठेवलं. उद्या काढू म्हटलं. ते उद्या काही उजाडलं नाही. पावसाळ्यात त्याला ओल आली, खळीला बुरशी धरली, थर एकमेकांना चिकटले, आणि एके सकाळी मी ते सुक्या कचऱ्याच्या पिशवीत घालून दाराबाहेर ठेवलं. त्याच आठवड्यात तुला फोनवर सांगितलं, "बेडरूममध्ये लावलंय, फार छान दिसतं."

त्यानंतर तू माझ्याकडे कितीतरी वेळा आलीस, पण माझ्या बेडरूममध्ये कधीच पाऊल टाकलं नाहीस. एकदा मे महिन्यात भर दुपारी आली होतीस, घामाने निथळत होतीस. मी म्हटलं, आत एसी लावते, जरा पड. "नको गं, आत गेलं की डोळा लागतो." आणि तू हॉलमधल्या त्या आखूड सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन आडवी झालीस. मी मनात म्हटलं, काय हा हट्ट. तू गेलीस, दिवसकार्य आटपून सगळे पाहुणे परत गेले, मी बेडरूममध्ये उशीचे अभ्रे बदलत होते आणि सहज वर पाहिलं, तर रिकामं छत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला ठाऊक होतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू माझ्याच घरात पाहुण्यासारखी बाहेर बसत होतीस. त्याला आता अकरा वर्षं झाली, तरी त्या सोफ्यावरची तुझी ती झोप आठवली की मला तोंड लपवावंसं वाटतं.

तर शनिवार. मी पाकळीची घडी शिकवत होते. तुझीच, कारण हाताला दुसरी येतच नाही. एक नवीन बाई आल्या होत्या, सत्तरीच्या, सुनेबरोबर. मी सगळ्यांना घडी दाबायला प्लॅस्टिकची पट्टी दिली होती. त्यांनी ती बाजूला सारली आणि विचारलं, "चमचा मिळेल का एखादा?" थोड्या वेळाने त्यांनी माझी एक पाकळी उचलून उलगडून पाहिली.

"आत काहीच नाही?"

"नाही काकू. कशाला हवंय?"

"मग एवढी तीन वळणं कशापायी? आत काही झाकायचं नसेल तर एकातही भागतं की."

"त्याने फुलाला भरीवपणा येतो," मी म्हटलं. हे मी दर वर्गात सांगते.

"अस्सं? खडकीला आमच्या शेजारी एक बाई होत्या, त्या अशीच घालायच्या. पण त्यांच्या घडीत नावं असायची. तुम्ही कुणाकडे शिकलात?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. आई, दोनच शब्द होते. माझ्या आईकडे. ते तोंडातून निघाले नाहीत. मी म्हटलं, "इंटरनेटवर बघून बघून."

"सो टॅलेंटेड ना, मॅम!" त्यांची सून म्हणाली. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग खाली मान घालून चमच्याने घडी दाबू लागल्या.

जाताना त्या चष्म्याचं घर विसरून गेल्या. मंगळवारी मी ते द्यायला समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले. एकट्याच होत्या. बस म्हणाल्या, चहा टाकला, आणि कप हातात देताना म्हणाल्या, "तोंडवळा अगदी आईचा घेतलायस." मी कप खाली ठेवला. "शनिवारी दारातच ओळखलं मी तुला. तुझ्या लग्नानंतर आलो आम्ही त्या क्वार्टरमध्ये, पण तुझा फोटो असायचा ना त्यांच्या कपाटावर."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाही बोललीस. म्हटलं, असेल काही."

आई, हे त्या अगदी तुझ्या आवाजात म्हणाल्या. रागवल्या असत्या तर मी सुटले असते. पण पुढे त्या जे बोलल्या ते मला अजून गिळता येत नाहीये. "ते झुंबर आहे ना गं अजून? त्याचा दोरा मी ओवला होता. तुझी आई सगळ्या वसाहतीला सांगायची, लेकीने हॉलच्या मधोमध लावलंय, आल्यागेल्याची नजर आधी त्याच्यावरच जाते." मी तुला बेडरूम सांगितली होती, आणि तू लोकांना हॉल सांगितलास. माझ्या खोट्यावर तू तुझं खोटं रचलंस, माझी मान वर राहावी म्हणून. आता तरी मी खरं सांगायचं ना? मी म्हटलं, "आहे की. या ना रविवारी बघायला."

घरी आले आणि खडकीहून आणलेलं तुझं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात माझ्या लग्नाच्या पत्रिकांचा एक गठ्ठा आहे, सुतळीने बांधलेला, मला माहीत होता. तीन दिवस बसून मी झुंबर करते आहे. गणपती कापून डब्यात ठेवले. प्रत्येक पत्रिका वाचली, अगदी सगळी, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की तुझं नाव त्यात दोनदा आहे. इतक्या वर्षांनी घडीच्या आत झाकायला काहीतरी मिळालं. पण तुझ्या पाल्याने कागद असा राखलाय की काल छापून आणल्यासारखा दिसतो. वीस वर्षं टांगलेलं झुंबर असं कोरं कसं असेल? म्हणून आज दुपारी मी मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी केलं. या कामात माझा हात कोण धरणार? त्या बाईंना जन्मात कळलं नसतं. त्यांनी वर बघितलं असतं, डोळे पुसले असते आणि म्हणाल्या असत्या, जपलंस हो. तो शब्द कानात आला आणि मी पातेलं बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

ते पाणी मी ओतून देणार आहे. झुंबर आहे तसं कोरंच लावीन, हॉलच्या मधोमध, काचेचा लाईट काढून. त्या विचारतील, हे नवं कसं? मग मला सांगावंच लागेल, वॉशिंग मशीनपासून कचऱ्याच्या पिशवीपर्यंत. पत्रकावरचा 'स्वयंशिक्षित' हा शब्दही काढायचा आहे, पण आधी रविवार निभावू दे.

हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी हाताला पत्ता येतो तो खडकीच्या क्वार्टरचा, आणि तिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. तेव्हा ते इथेच वहीत राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. लिहायला बसण्याआधी एक पाकळी मी बुडवली होती. नुसतं बघायला, रंग कसा चढतो ते. लगेच काढून टिपली, पण डाग धरला तो धरलाच. ती मी टाकलेली नाही. तीही लावीन, सगळ्यात खालच्या थरात, जिथे आल्यागेल्याची नजर आधी जाते.