आजोबांचा फेटाळलेला अर्ज

पिट्स्टन, पेन्सिल्व्हेनिया
९ मार्च १९८८

प्रिय सिल्व्हिओ,

तू आणि एडना बरे असाल. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. दोन वर्षांनी तुला लिहितेय, तेही वैतागून.

आजोबांचे नागरिकत्वाचे कागद शोधायला कोर्टाच्या कचेरीत चार चकरा मारल्या. तिथली बाई म्हणते, "तारीख सांगा, वही काढते."

"तारीख माहीत असती तर इथे कशाला झक मारायला आले असते?"

"मग प्रमाणपत्राचा नंबर?"

"अहो, प्रमाणपत्रच तर शोधतेय!"

"पुढच्या मंगळवारी या."

पुढच्या मंगळवारी बाई रजेवर!

हा खटाटोप कशासाठी, ते तुला ठाऊक आहे. बाबांना पुरून आलो त्या दुपारी तू सगळ्यांदेखत म्हणालास, "आजोबा अमेरिकन कधी झालेच नाहीत." मी तुला घराबाहेर काढलं. एक दिवस तुझ्या तोंडावर कागद फेकायचाच, हे तेव्हाच ठरवलं होतं.

काल वही मिळाली. १९२३ सालची. अर्ज आहे, खाली आजोबांची वेडीवाकडी सही आहे, आणि वर आडवा शिक्का: फेटाळला. दोन साक्षीदार हवेत, दोघेही नागरिक, असा नियम. आजोबांनी एक खाणीतला मुकादम नेला. आणि दुसरा कोण, तर आजीचे भाऊ गाएतानो! त्यांच्याकडे नुसता पहिला कागद होता, पुढे नागरिक व्हायचा इरादा आहे एवढंच सांगणारा. त्यावरची लाल मोहोर बघून गडी समजला, झालो अमेरिकन! त्यांच्या स्वयंपाकघरात तो फ्रेम करून टांगलेला मी स्वतः पाहिलाय. भर कोर्टात काय शोभा झाली असेल दोघांची! आजोबांनी पुन्हा अर्ज केलाच नाही. १९४० साली सरकारने सगळ्या परदेशी लोकांची नोंदणी केली, तेव्हा परदेशी म्हणून बोटांचे ठसे देऊन आले, तोही कागद सापडला.

गाएतानोंचा राग आला, जज्जाचा आला, त्या रजेवरच्या बाईचा तर आलाच. पण सिल्व्हिओ, हे सगळं बाजूला ठेव. मला माहीत होतं.

मी सात वर्षांची होते. निवडणुकीचा दिवस. आजोबांनी काळा सूट घातला, आजीने टायची गाठ मारून दिली, आणि मला घेऊन ते मतदानाला निघाले. शाळेबाहेर रांग होती. आम्ही रांगेवरून सरळ पुढे गेलो, नदीवर. दोन तास बाकावर बसलो. त्यांनी मला संत्रं सोलून दिलं. उठताना म्हणाले, "आजीने विचारलं तर सांग, रांग फार मोठी होती."

मी सांगितलं. मग पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत राहिले, आजोबा त्या दिवशी रांगेत उभं राहून मत देऊन आले. शेवटी ते खरंच आहे असं मलाही वाटायला लागलं असावं. त्या दुपारी तू खरं बोललास, आणि ते खरं आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. तरी मी तुला दार दाखवलं. माझं चुकलं.

ईस्टरला ये. सगळ्यांना बोलावते आणि सगळ्यांसमोर मीच सांगते.

आजोबांसाठी आजीशी आणि स्वतःसाठी तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझी बहीण
कोंचेत्ता