सूनबाईंच्या भाषेची संथा

गुरुवार, ३ जुलै २०२५

अजयने आज फोनवर निकाल दिला. "ईशानची मुंज करायची असेल तर मार्ताला तुम्हीच विचारा, बाबा. तिच्या भाषेत. मी मध्ये दुभाषी होणार नाही."

चिरंजीव नऊ वर्षे स्पेनमध्ये, झारागोझा नावाच्या गावी. सूनबाई तिथल्याच. ईशान आणि नोरा ही जुळी नातवंडे सात वर्षांची. माघात सारे महिनाभर सिंदेवाहीला येणार आहेत. नातवाला मुंजीचे आठवे वर्ष लागले आहे. हा माघ गेला की मुंजीचा मुख्य काळ गेला. तात्पर्य, एकाहत्तराव्या वर्षी मला स्पॅनिश शिकणे प्राप्त आहे.

शुक्रवार, ४ जुलै

गुरू मिळाला. मिळाली. दिव्यानी, वय सव्वीस, गोंड घरातली. मोहर्लीच्या जंगलात गाईड आहे, वाघ पाहायला येणाऱ्या स्पॅनिश पाहुण्यांना हिंडवते. भाषा हैदराबादेत शिकली. पावसाळ्यात जंगल बंद, म्हणून इथे मामाकडे आली आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्या नागसेनने नाव सुचवले. हसू मात्र त्याला आवरले नाही. "महाराज, जलमभर पोराइले वेद शिकवले, आता वाघवालीपाशी शिका."

शिष्याचे आसन गुरूहून खाली असावे. तिला खुर्ची दिली, मी पाट घेतला.

"महाराज, तुमी खाली बसून राह्यले त मले कसंतरीच वाटते."

म्हटले, वाटू दे, नियम आहे. नियमात गुरूचे कूळ विचारलेले नाही. मी दोनदा पाहिले.

बुधवार, ९ जुलै

पद्धतीवरून मतभेद. ती चित्रे दाखवते — मुलगा सफरचंद खातो, मांजर खाली बसते. मी म्हटले, बाई, संथा द्या. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने लगेच दोनदा म्हणावे, अर्थ मागाहून. संहिता मी अशीच पाठ केली.

"पन अर्थ नाई समजला त बोलान कसे?"

आधी जीभ वळू दे, म्हटले. तिने कपाळाला हात लावला, पण संथा दिली. किएरो. किएरो, किएरो. 'मला हवे आहे.' पहिलेच क्रियापद, आणि तेच नियमाबाहेरचे.

सोमवार, २१ जुलै

असणे, जाणे, येणे, हवे असणे, शक्य असणे, जवळ असणे — जी क्रियापदे रोज लागतात तीच वाकडी. जी वर्षातून एकदा लागावीत ती सरळ. देवळाची जी पायरी अधिक वापरात, तीच झिजते. तक्रार कोणाकडे करावी?

'हवे असणे' या क्रियापदात मी, तू, तो आणि ते बिघडतात. आम्ही आणि तुम्ही मात्र मूळ स्वर राखून असतात. माझ्या गृहस्थाश्रमात नेमके उलटे घडले.

भूत-भविष्याचे विचारले. दिव्यानी म्हणाली, "वर्तमानकाळच पुरे, महाराज. सुनेसमोर मागचं-पुढचं काऊन काढता?"

बुधवार, ६ ऑगस्ट

'पुएदो' पाठ झाले. 'मी करू का?' हे वाक्य या घरात मी पूर्वी कोणापुढे उच्चारल्याचे स्मरत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

दिव्यानीने परीक्षा घेतली. चोवीस क्रियापदे, सहाही रूपांत, उलटसुलट. एकही चूक नाही. नंतर तिने काहीतरी साधे विचारले. ते मी स्वच्छ उच्चारात दोनदा म्हणून दाखवले.

"महाराज, तो प्रश्न होता. जेवन झालं का, असं इचारलं मी."

किरकोळ उणीव. सुधारेल.

रविवार, २४ ऑगस्ट

सुधारली नाही.

दुपारी चारला व्हिडिओ कॉल. नागसेनने फोन उभा करून दिला आणि जायचे नाव काढले नाही. दिव्यानी शेजारी. पडद्यावर सूनबाई, दोन्ही मुले, आणि मागे भिंतीला टेकून अजय, हाताची घडी घालून. मी विनंती म्हटली: ईशानसाठी मला एक संस्कार करायचा आहे, करू का? एकही रूप चुकले नाही. सूनबाईंचे डोळे मोठे झाले. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून उत्तर दिले.

"ओ लोस दोस, ओ निंगुनो."

गुरूच्या सुरात कोणी सुटे शब्द म्हटले की माझी जीभ थांबत नाही. मी ते मोठ्याने दोनदा म्हटले. स्वरासह.

सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या. नोरा खुर्चीवर चढून नाचू लागली. मी दिव्यानीकडे पाहिले.

"त्या म्हनाल्या, दोघाइची, नाईतर कोनाचीच नाई," ती हळूच म्हणाली. "आन तुमी दोनदा हो म्हनले, महाराज."

नागसेन खाली पाहून खोकत होता.

सोमवार, २५ ऑगस्ट

मुलीची मुंज! अजयला कळवून शब्द मागे घेता येईल. समजले नव्हते, एवढेच म्हणायचे. ते खरेही आहे.

पण साक्षीदारांसमोर उच्चारलेला शब्द समजून उच्चारला की न समजता, हा भेद मी आजवर कोणत्या यजमानाला करू दिला? लग्नात संकल्पाचे संस्कृत कितीकांना कळले होते? मी सर्वांना बांधूनच घरी पाठवले.

गुरुवार, २८ ऑगस्ट

पूर्वी कन्यांचेही मौंजीबंधन होत असे, असे वचन आहे. साठ वर्षे ते मला पाठ आहे. शिष्यांना शिकवताना त्या पानावर मला नेहमी घाई असे.

दिव्यानीला सांगितले की दोघांची करणार. ती म्हणाली, "गाव बोलन." बोलू दे, म्हटले. गावाला वर्तमानकाळ येतो, बाकीचे काळ ते विसरते.

शनिवार, ३० ऑगस्ट

पळसाचे दोन दंड सांगून ठेवले. दिव्यानीचा मामा आणून देणार आहे. नोराचा दंड ईशानच्या दंडापेक्षा एक अंगुळही कमी नको, हे त्याला दोनदा बजावले. अजयला निरोप धाडला: दोघांची. माघ शुद्ध पक्ष. सूनबाईंना नमस्कार.

रविवार, ३१ ऑगस्ट

अजयचा फोन. "बाबा, मार्ताची हरकत कधीच नव्हती. मला नको आहे. मुंज मला नको. वाटलं, तिच्या भाषेत विचारायला सांगितलं की तुम्ही सोडून द्याल."

दोन महिने मी चोवीस क्रियापदे पाठ केली, एका बाईला विचारण्यासाठी. स्वतःच्या मुलाला मराठीत विचारायचे राहून गेले होते.

विचारले: तुला का नको, अजय?

तासभर बोलला. त्याच्या स्वतःच्या मुंजीपासून सुरुवात केली.