दोन फ्यूजवाला अ‍ॅम्प्लिफायर

टिंड्रा,

आईला उठवू नकोस, रात्रपाळी करून झोपली आहे. गॅरेजमध्ये बाकावर जुना काळा अ‍ॅम्प्लिफायर ठेवलाय, तो तुझा. तोंड वाकडं करण्याआधी हे वाच.

तुला जो नवा हवा होता, त्याच्या खोक्यावर तीन हजार वॉट छापलंय. काल दुकानात मी त्याचा फ्यूज बघितला, तीस अँपिअरचा एकच. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर त्यातून धड चारशेही निघायचे नाहीत. या जुन्याला तसे दोन आहेत. हा पाचशेच म्हणतो, पण न थकता देतो, आणि तुझ्या दोन्ही सबवूफरना तेवढेच पुरतात. तुझ्या बजेटात बसला, वर जाड वायरही मिळाली. जोडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढ.

मागच्या शुक्रवारी चौकात दोन गाण्यांतच तुझी ए-ट्रॅक्टर गाडी मुकी झाली आणि पोरं हसली, हे आईकडून कळलं. मला सांगितलं नाहीस, असू दे.

फालूनला तुझ्या बाबांकडे राहायला जायचं, की इथे आईजवळ आणि माझ्याजवळ राहायचं, ते तू ठरव. गेलीस तर हाही घेऊन जा. ए-ट्रॅक्टरला ताशी तीसच्या वर पळता येत नाही, तिथवर दोन तास लागतात, तेवढा वेळ हा दम धरेल.

गाडीमागचा, सावकाश वाहनाचा लाल त्रिकोण पुसून ठेवलाय.

मी सॉमिलवर आहे. आमच्या कॅन्टीनच्या खिडकीची काच सैल आहे. संध्याकाळी चौकात जाताना गाणं लावून आमच्या गेटवरून गेलीस, तर ती वाजेल. मी खिडकीपाशीच जेवायला बसतो.

केंट