चपला मोजून शिजवलेला भात

प्रिय नानाकाका,

आज दुपारी आचारी आला होता. तोच, तुमचा जुना दोस्त, सुधाताईच्या लग्नातला. दाराशी उभं राहून त्याने विचारलं, "उद्या किती पानं?" आणि आईने, मी, शेजारच्या मामींनीसुद्धा, तुमच्या वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. उद्या तुमचा तेरावा आहे, काका. तुमच्याच तेराव्याचा अंदाज आम्ही तुम्हाला विचारायला निघालो होतो!

मी त्याला म्हटलं, तासाभरात सांगते. तो तास कधीच उलटून गेला. आकडा काढायला कागद घेतला आणि त्यावर हे पत्रच सुरू झालं. पाच वर्षं एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली आहे. तुम्ही होतात तेव्हा सांगायला हवी होती, हे मला दुसऱ्या कुणी ऐकवायची गरज नाही.

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही लग्न केलं नाहीत, आमच्या घरी राहायला आलात आणि राहिलातच. दिवसभर अंबत्तूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी नात्यागोत्यातल्या लग्नांचा स्वयंपाक. अख्ख्या चेन्नईत आपल्या तंजावरी मराठी माणसांचं लग्न तुमच्याशिवाय उभं राहत नसे. तांदूळ किती पडी, डाळ किती, नारळ किती, सगळं तुमच्या डोक्यात. एका पडीच्या मापाच्या तांदळात दहा पानं. ऑफिसातली माणसं असतील तर अकरा, गावाकडून आलेली असतील तर आठ.

आणि शेवटची दोन पातेली मात्र चपला मोजून चुलीवर चढायची! अक्षता पडल्या की तुम्ही मंडपाच्या दाराशी जायचात आणि हात मागे बांधून चपलांच्या ढिगाऱ्यातून फिरायचात. छोटी चप्पल दिसली तर अर्धं पान. मी एकदा विचारलं होतं, आमंत्रणं वाटलीत तेव्हा माणसं मोजली नाहीत का? तुम्ही म्हणालात, "ते सोड गं. माणूस येतो म्हणतो, येत नाही. चेरुप्पु आला म्हणजे आला." चपलेला तुम्ही कायम चेरुप्पुच म्हणायचात.

उरलेला भात गटाराकाठी ओतलेला पाहिला की तुमचं तोंड कडू व्हायचं.

सुधाताईचं पुण्याचं स्थळ ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, केटररला देऊन टाका, वऱ्हाड मोठं आहे. तुम्ही ऐकता काय! "माझ्या भावाच्या पोरीच्या लग्नात परका माणूस पानं मोजणार? पोदुम्, पुरे!" झालं, विषय संपला. महिनाभर आधीपासून जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात फेऱ्या. तांदूळ चावून बघायचात, डाळ दोन बोटांत चिरडून बघायचात. मला वाटायचं, लग्न ताईचं नाही, तुमचंच आहे.

आता ते सांगते.

त्या दिवशी सकाळी नात्यातल्या आम्ही चौघी बहिणी चेकाळलो होतो. नवऱ्याचे बूट काय, कुणीही लपवतं. मी म्हटलं, आपण अख्खं वऱ्हाडच अनवाणी करू या! कल्पना माझी. पोती माझी, नारळांची रिकामी झालेली. मुहूर्ताची वेळ झाली, सगळे आत अक्षता हातात घेऊन उभे राहिले आणि आम्ही दाराशी. सत्तर जोड, काका. तीन पोती भरली आणि जनरेटरच्या खोलीत नेऊन टाकली. आमचं हसू थांबत नव्हतं. वऱ्हाडाने गयावया केली की मगच परत द्यायचं, असं ठरलं होतं.

मग तुम्ही बाहेर आलात, हात मागे बांधून. मी खांबाआड होते. तुम्ही एकदा मोजलंत, थांबलात, पुन्हा मोजलंत. मग समाधानाने मान हलवलीत आणि आत आचाऱ्याला सांगितलंत की शेवटची पातेली नकोत. न फोडलेलं तांदळाचं पोतं व्यापाऱ्याच्या टेम्पोतून परतही पाठवलंत. किती खूश होतात तुम्ही! एक शीतही वाया जाणार नव्हतं.

तेव्हा मला काही कळलं नाही, हे खरं आहे. चपलांवरून भात ठरतो हे मला माहीत होतं आणि तरी कळलं नाही, हेही खरं आहे. एकोणीस वर्षांची होते. एवढी काही लहान नव्हते.

तिसऱ्या पंगतीला नवऱ्याकडची मोठी माणसं बसली. पानावर मीठ, लोणचं, कोशिंबीर, एक पुरी. मग भातच येईना. नवऱ्याचे मामा म्हणाले, "अहो, भात येऊ द्या की." वाढप्याने आचाऱ्याकडे पाहिलं आणि आचाऱ्याने तुमच्याकडे. तुमचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. ताईच्या सासूबाईंचा आवाज आला, "मद्रासला येऊन भाताला मुकलो म्हणायचं!"

तुम्ही दोन बादल्या उचलल्यात आणि मागच्या गल्लीतल्या बॅचलर पोरांच्या मेसकडे धावलात. भर दुपारी, तिरुवल्लिकेणीच्या तापलेल्या रस्त्यावरून. मी खिडकीतून बघत होते. तुमच्या पायात काही नव्हतं. घाईघाईत तुमचाही जोड माझ्या पोत्यात गेला होता.

तेव्हा कुठे मला कळलं, मी काय करून बसले ते. गोंधळात आम्ही पोती आणून दाराशी रिकामी केली. तुम्ही मेसचा जाड उकडा भात घेऊन परत आलात तेव्हा मामा पानावरून उठले होते. तुमच्या तळपायांना फोड आले होते. ते तुम्ही कुणाला दाखवले नाहीत. आईने रात्री हळद लावली तेव्हा मी पाहिले.

त्याच दिवशी का नाही बोललीस, असं विचाराल ना? भीती वाटली. लग्न मोडेल, ताई घरी परत येईल, असं काहीबाही. पुढे लाज वाटली. आणि नंतर, खरं सांगते, सवय झाली. तुम्ही चुकलात असं सगळे म्हणत होते आणि मी ऐकत होते.

ताईला सासरी दर सणाला ते बोलणं ऐकावं लागलं. भाताची वाटी समोर आली की सासूबाईंना आठवायचंच. "काकांच्या हट्टापायी माझी मान कायमची खाली गेली," असं ती आईला फोनवर म्हणायची. तुमच्याशी बोलणं तिने टाकलं. पुढची लग्नं केटररकडे गेली. तुम्ही पाहुण्यांसारखे जाऊन बसायचात आणि वाढपी भात घेऊन आला की पानावर हात आडवा धरायचात. भात नको म्हणायचात. तुम्ही!

लग्नाची सीडी आठवते? नोकरीवरून आलात की तुम्ही ती लावायचात. आईला वाटायचं, ताईची आठवण येते. तुम्ही चित्र थांबवून डोकी मोजत होतात. बोट पडद्यावर टेकवून एक एक माणूस. एका रविवारी मी शेजारी बसले होते. तुम्ही विचारलंत, "जया, डोकी जास्त आहेत आणि पाय कमी. पुण्याची माणसं अनवाणी येतात काय गं?"

मी म्हटलं, "असतील."

तुम्ही पडद्यावरचं बोट काढलंत आणि माझ्याकडे नीट पाहिलंत. मग "सरि, ठीक आहे" म्हणालात आणि टीव्ही बंद केलात. ती सीडी पुन्हा कधी लावली नाहीत.

काका, तुम्हाला कळलं होतं ना? कारखान्यात एक बोल्ट इकडचा तिकडे झाला तरी तुम्हाला समजायचं. स्वतःच्या चपला जाताना नव्हत्या आणि येताना होत्या, हे तुम्हाला समजलं नसेल? मग बोलला का नाहीत? कान का नाही उपटलेत माझे? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी तिथेच रडून सगळं ओकले असते. मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला! याचा मला तुमच्यावर राग आहे. आणि राग धरायचा मला काही हक्क नाही, हेही कळतं.

शेवटचे दोन महिने तुम्ही अंथरुणावर होतात. रोज सकाळी विचारायचात, "सुधा येते म्हणाली?" मी म्हणायचे, रिझर्व्हेशन मिळत नाही. किती खोटं बोलले मी तुमच्याशी! रिझर्व्हेशन मिळत होतं. तिला यायचं नव्हतं. मी फोन उचलून चार वाक्यं बोलले असते तर ती दुसऱ्या दिवशी आली असती. फोन तुमच्या खाटेपासून चार पावलांवर होता. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते.

ती उद्या सकाळी येते आहे, सासूबाईंना घेऊन. आता येऊन काय करणार? पण येते आहे.

आचाऱ्याला मी आत्ताच निरोप पाठवला. पन्नास पानं धर, शेवटचं पातेलं मी सांगेपर्यंत चढवू नकोस, पण तांदळाचं पोतं परत पाठवायचं नाही. उद्या दाराशी मी उभी राहीन, हात मागे बांधून, आणि चपला मोजेन. मग पानं मांडली जातील. पहिला भात पडायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगेन. सत्तर जोड, तीन पोती, खांबाआड मी. ताई ऐकेल, सासूबाई ऐकतील, आचारीही ऐकेल. गेली पाच वर्षं तोही स्वतःला दोष देत आला आहे. हे वचन आहे, काका, आणि या वेळी तरी मी तुमच्याशी खोटं बोलत नाही.

ताई माझं तोंड पुन्हा बघणार नाही कदाचित. ती पानावरून उठून जाईल. तिच्या वाटणीचा भात मात्र मी मोजणीत धरला आहे.

चपला लपवणारी,
तुमची जया